वाटीखाली

दुखतं कुठे, विचारलं बच्छाव मॅडमनी.
मी एका बोटाने दाखवलं:
गुडघ्याच्या वाटीखाली, नेमकं इथे,
आठ आण्याएवढी जागा.
त्या म्हणाल्या, बोटाने दाखवता आलं, बरं झालं.
तळहाताने दाखवणाऱ्यांचं अवघड असतं.

नोव्हेंबरात गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर
चार फेऱ्या मारणारी मी
डिसेंबरात सोळा मारत होते.
रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, वर-खाली तीनदा.
कारण विमा कार्यालयात कुणीतरी म्हटलं होतं,
"चाळिशीत आता काय पळणार, खैरनार मॅडम?"
ते लागलं मला.
आधी मनाला, मग गुडघ्याला.

सुरुवातीला ते फक्त जिन्यात भेटायचं.
मग खुर्चीतून उठताना.
सकाळची पहिली दहा पावलं परक्या बाईची,
आणि पळायला लागलं की ते गप्प.
त्याचं गप्प बसणं
मी बरं होणं समजले.

तेल लावलं, बर्फ लावला,
शेजारच्या कुसुमताईंचा लेप लावला,
त्याचा वास तीन दिवस फायलींना येत होता.
तीन आठवडे पाय उशीवर ठेवून काढले.
उठले, दोन फेऱ्या धावले,
तर ते तिथेच बसलेलं,
जणू मलाच यायला उशीर झाला.

मॅडमनी कागदावर सरळ रेघा ओढल्या, शेजारी-शेजारी.
ही कंडरा.
मग पेन गिरगिटवलं.
ही तुमची.
रोज थोडी झिजते, रोज दुरुस्त होते.
तुम्ही दुरुस्तीला रात्रच पुरू दिली नाही.
मग आणखी विश्रांती घेऊ?
नुसत्या विश्रांतीने ती विसरते, म्हणाल्या,
ओझं कसं पेलायचं ते.

संध्याकाळी तांबट आळीत गेले.
मुकुंदमामा सत्तरीतही घंगाळं घडवतो.
डावा कान ठोक्यांनी नेलेला,
म्हणून उजवीकडे बसून सगळं सांगितलं.
त्याचा हात चालूच होता.
मग म्हणाला, ठोकला की पत्रा कडक होतो,
म्हणून तर ठोकायचा.
पण न थांबता ठोकला की चिरतो.
भट्टीत घालायचा, मऊ करायचा, परत ठोकायचा.
आणि भट्टीतून काढलाच नाही तर?
तर ते तांबं. भांडं नाही.

मॅडमना फोन करून हे सांगावंसं वाटलं.
केला नाही.
गुडघा तांब्याचा नसतो, एवढं मलाही कळतं.

आता रोज सकाळी भिंतीला पाठ लावून
मी नसलेल्या खुर्चीवर बसते.
पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा.
मांड्या थरथरतात, कुकर शिट्टी देतो,
नवरा चहा घेऊन समोरून मुकाट जातो.
लेक विचारते, आई, तुला शिक्षा कुणी केली?

दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालतं.
त्यावर गेलं तर निवाडा उद्याकडे:
उद्या सकाळी जिन्यात काय म्हणतो गुडघा?
असं उद्याला विचारून काही करायची
मला सवयच नव्हती.

वहीत आकडे आहेत.
फेब्रुवारी: चार, चार, तीन.
मार्च: पाठीवर लेकीचं दप्तर घेऊन
एका पायावर सावकाश खाली, सावकाश वर. तीन, दोन.
एप्रिलात सिन्नरच्या लग्नात वरातीपुढे नाचले.
पुढचा आठवडा: सहा, सहा, पाच.
त्या पानावर मॅडमनी काही लिहिलं नाही,
फक्त चष्म्यावरून पाहिलं.

काल पांडवलेणीला गेले. एकदाच, तेही चालत.
एक कॉलेजातला मुलगा दोन-दोन पायऱ्या टाकत
माझ्या बाजूने वर गेला.
त्याला काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं,
तोवर तो वळणापलीकडे.
मी अर्ध्यावर बसले.
खाली हायवेवर ट्रक मुंबईकडे चालले होते,
अंबडच्या शेडवर ऊन होतं.

उतरताना शेवटच्या पायरीवर ते बोललं.
दोन, मी म्हटलं, मोठ्यानेच.
दोन लिहीन.
उद्या सकाळी बघू.